गप्प राहणारं खेळणं

जंगलाच्या कुशीत पांगारवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. इतकं रंगीत, की वरून उडणाऱ्या पाखरांना वाटावं, खाली कुणीतरी रांगोळी काढून ठेवली आहे. गावात घरोघरी कातारी राहत. पांगाऱ्याचं मऊ, हलकं लाकूड ते चाकावर चढवत, गरगर फिरवून कातत, त्यावर लाल, पिवळी, हिरवी लाख चढवत आणि केवड्याच्या पानानं घासून घासून ती अशी चमकवत, की तीत आपलं नाक दिसावं. भोवरे काय, खुळखुळे काय, पाळण्यावर टांगायच्या चिमण्या काय! दूरदूरच्या राजांची मुलं पांगारवाडीच्या खेळण्यांशी खेळत.

आणि पांगारवाडीची मुलं? त्यांच्या हातात काही नसे. लाख ओली असताना तिच्यावर चिमुकल्या बोटाचा ठसा उमटला, तर व्यापारी ते खेळणं बाजूला काढी. म्हणून गावाचा नियमच होता, की पोरांनी खेळण्याला शिवायचं नाही. रांगतं मूल ओसरीवर आलं, की कुणीतरी लगेच दटावी, "हात नको लावू!" कातताना जे तुकडे उरत, कुठं कडं, कुठं गोळा, कुठं अर्धी वाटी, ते चुलीत जात. कातारी मोठे हुशार लोक, पण हुशार माणसंसुद्धा कधीकधी दिव्याखाली बघत नाहीत.

गावाच्या अगदी टोकाच्या घरात वेणू राहत होती. वय नऊ-दहा वर्षांचं, परकराला ठिगळं आणि हाताला सदा लाखेचा वास. ती, तिचे बाबा आणि धाकटा दामू, एवढंच घर. आई दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेली. तेव्हा दामू भिंतीला धरून पावलं टाकत होता.

आई होती तेव्हा त्या घरात बोलण्याला खळ नव्हता. बाबा चाक फिरवायचे, आई केवड्याचं पान लाखेवर धरायची आणि चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून बोलत राहायची. आई गेली आणि घर मुकं झालं. पान आता वेणूच्या हातात आलं. बाबा कामाला बसत ते दिवे लागेपर्यंत उठत नसत. काही हवं असलं तर बोट दाखवत. वाईट नव्हते हो ते, फक्त दुःखानं त्यांचे शब्द आटून गेले होते.

आणि दामू बोलत नव्हता. दोन वर्षांचा होऊन गेला, अंगणभर पळायला लागला, टपोऱ्या डोळ्यांनी सगळं बघायला लागला, पण तोंडातून एक शब्द नाही. हवं असलं तर "अं, अं" करून वेणूचा परकर ओढायचा, तेवढंच. शेजारच्या भागीमावशीची नात त्याच्याच वयाची. ती सकाळी डोळे उघडायची ते बडबडतच. भागीमावशीनं वेणूला उपाय सांगितले. मधात वेखंड उगाळून झालं. पोपटानं टोचलेला पेरू शोधून तो भरवून झाला. पेरू दामूनं मिटक्या मारत खाल्ला आणि पुन्हा गप्प.

वेणूला रिबिनी नको होत्या, चुडे नको होते. तिला एक हाक हवी होती. पूर्वी ती विहिरीवर गेली की ओसरीवरून आईची हाक यायची, "वेणू, ए वेणूबाय." आता दिवसच्या दिवस जात आणि तिचं नाव कुणाच्याही तोंडून निघत नसे. संध्याकाळी घागर भरून झाली तरी ती विहिरीपाशी थोडी रेंगाळायची, घराकडे कान लावून उभी राहायची. घरातून फक्त चाकाची घरघर यायची. दामू एकदा, एकदाच 'आक्का' म्हणाला तर, असं तिला वाटत राहायचं.

थंडी सरली. रानात पांगारे फुलले. एक पान नाही आणि झाडभर लालचुटुक फुलंच फुलं! एके सकाळी वेणू ओढ्याकाठी केवड्याची पानं आणायला गेली होती. तिथल्या जुन्या पांगाऱ्याखालून जाताना तिला बारीक, अगदी मुंगीनं मारावी तशी हाक ऐकू आली. बघते तर काय, खोडावर डिंकाचा सोनेरी थेंब, आणि त्यात एक पंख चिकटून बसलेली बोटाएवढी परी! झगा पांगाऱ्याच्या पाकळ्यांचा, केस परागासारखे पिवळेधमक, आणि मोकळा राहिलेला पंख निळा, जांभळा, हिरवा असा क्षणाक्षणाला झिलमिलत होता.

"ओढू नकोस गो," परी रडवेली होऊन म्हणाली. "फाटेल तो."

"ओढत नाही," वेणू म्हणाली. "डिंक ओढायचा नसतो, भिजवायचा असतो. तू स्वस्थ बस."

तिनं परकराचं टोक ओढ्यात बुडवलं आणि थेंब थेंब पाणी त्या डिंकावर सोडत राहिली. ऊन चढलं, पाय दुखले, घरी कामं पडली होती. पण वेणू हलली नाही. शेवटी डिंक मऊ झाला आणि पंख अलगद, अगदी आपणहून सुटला. परीनं गिरकी घेतली तशी लाल-सोनेरी कणांची भुरभुर वेणूच्या केसांवर झाली.

"मी या पांगाऱ्याची परी," ती म्हणाली. "माग काय हवं ते."

वेणूनं क्षणाचाही विचार केला नाही. माझ्या दामूला बोलतं कर, म्हणाली.

परीचा चेहरा उतरला. आवाज आपल्याला देता येत नाही, असं तिनं सांगितलं; तो ज्याच्या त्याच्याच गळ्यात उगवतो. तिच्या झाडात फक्त खेळणी होती, जगात नसतील अशी. वेणूनं हवं ते खेळणं मागावं, पण एका वेळी एकच. दुसरं हवं असेल तर पहिलं परत आणायचं, आणि परत आलेलं खेळणं झाडात विरून जाणार, ते पुन्हा कधीच मिळणार नाही. आणि हे सगळं झाडावर फुलं आहेत तोवरच. शेवटचं फूल गळालं की परी निघून जाणार.

मग वेणूनं डोकं चालवलं. बोलणारं खेळणं दिलं तर ऐकून ऐकून दामू बोलेल! तिनं बोलणारा पोपट मागितला.

काय पोपट होता तो! पाचूसारखा हिरवा, पोवळ्याची चोच, शेपटीला घुंगरू. पोट दाबलं की मान डोलवून म्हणायचा, "हा आंबा! ही चिमणी! हा चांदोबा!" दामू हरखून गेला. दाबलं की पोपट बोले, पुन्हा दाबलं की पुन्हा तेच बोले. दामू दिवसभर पोट दाबत बसला आणि पोपट दिवसभर बोलत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवसांत आंबा, चिमणी आणि चांदोबा वेणूच्या स्वप्नात येऊ लागले, बाबा कानाला मुंडासं बांधून काम करू लागले, आणि दामूच्या तोंडून मात्र एक अक्षर नाही. बोलायचं काम पोपट करत होता, मग त्यानं कशाला करावं?

वेणूनं पोपट परत नेला. झाडाच्या ढोलीत ठेवताच तो हिरव्या उजेडाचा ठिपका झाला आणि विरला. आता काय, असं परीनं विचारलं. वेणू किती तरी वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. दामूसाठी मागायचं होतं, पण ओठांवर आलं ते तिच्या स्वतःच्या मनातलं.

"आईच्या आवाजात बोलणारी बाहुली आहे?"

परीनं आपले पंख मिटून घेतले. मग म्हणाली, "आहे. मागू नकोस असं मी म्हणू शकत नाही, बाळ. मागणं तुझं आहे."

बाहुली वीतभर होती. हिरव्या लाखेचं लुगडं, कपाळावर तिळाएवढं लालभडक कुंकू. वेणूनं तिला घरी आणून कोनाड्यात ठेवलं आणि बाहुली बोलली, "आलीस गो वेणूबाय? पाय धुऊन ये. भाकरी झाकून ठेवली आहे. बाळ उठला का बघ."

चाक थांबलं. बाबांच्या हातातली पटाशी खाली पडली. तोच आवाज, तीच शेवटी जराशी वर जाणारी हाक. वेणूनं खरोखरच पाय धुतले आणि बाहुलीसमोर येऊन बसली. बाबाही आले. दामू दोघांच्या मध्ये बसला. बाहुली बोलत राहिली, तीन माणसं ऐकत राहिली, आणि कितीतरी दिवसांनी ते घर पुन्हा घर वाटलं.

मग रोज तसंच होऊ लागलं. काम लवकर आटपायचं आणि बाहुलीपुढे बसायचं. कुणी कुणाशी बोलत नसे. बोललं तर तिचे शब्द हुकतील ना! रानात पांगाऱ्याची फुलं एकेक करून गळत होती. वेणूला ते दिसत होतं, पण ती मान वळवून घ्यायची.

एका दुपारी वेणू कोनाड्याजवळ परकराला टाका घालत होती. दामू आला. त्याच्या हातात रिकामी वाटी होती. त्यानं ती बाहुलीसमोर धरली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "अं?" त्यानं विचारलं.

"पाय धुऊन ये," बाहुली म्हणाली.

दामूनं वाटी अजून वर केली. त्याला काहीतरी सांगायचं होतं. वाटीत काही होतं, आपल्याला दिसत नसलं तरी त्याला दिसत होतं. तो टाचा उंचावून वाट बघत उभा राहिला.

"भाकरी झाकून ठेवली आहे," बाहुली म्हणाली. "बाळ उठला का बघ."

दामूनं हळूच वाटी खाली ठेवली आणि तो पाठ फिरवून निघून गेला. त्या दिवसापासून तो "अं, अं"सुद्धा करेनासा झाला.

वेणूच्या हे ध्यानात आलं. एका संध्याकाळी तिनं बाहुली मांडीवर घेतली आणि सांगायला सुरुवात केली, की आई, मला तुझी फार आठवण येते, मला कुणी हाक मारत नाही, मला भीती वाटते. वाक्य पुरं व्हायच्या आत बाहुली गोड आवाजात म्हणाली, "आलीस गो वेणूबाय?" आणि तेव्हा वेणूला आठवलं, की आई नुसती बोलायची नाही. मध्येच बाबांना चाक थांबवायला लावायची, हनुवटीवर हात ठेवून "मग? पुढं काय झालं?" विचारायची आणि वेणूला शब्द सापडेपर्यंत, कितीही वेळ लागो, तशीच बघत राहायची.

वेणू खूप रडली. सकाळी तिनं बाहुली ओच्यात घेतली. बाबा दारात आडवे उभे राहिले आणि दोन दिवस तरी राहू दे, म्हणाले. कितीतरी दिवसांत ते तिच्याशी एवढं बोलले नव्हते.

"बाबा, तिला आपलं ऐकू येत नाही," वेणू म्हणाली.

बाबा बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पांगाऱ्यावर आता बोटांवर मोजण्याइतकी फुलं उरली होती. परी एका पाकळीवर पाय हलवत बसली होती.

"मला गप्प राहणारं खेळणं दे," वेणू म्हणाली. "स्वतः बोलणार नाही, नाचणार नाही, वाजणार नाही असं. ज्याचं काय करायचं ते दामूनंच ठरवायचं."

परी अशी हसली की फांदीभर सोनेरी भुरभुर झाली. तिनं ढोलीतून लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. वेणूनं सोडून पाहिलं. आत लाकडाची दोन-तीन कडी होती, एक गोळा, एक अर्धी वाटी, काही चपट्या चकत्या. ना रंग, ना लाख.

"अगं, पण हे तर आमच्याकडे चुलीत जातं!" वेणूला नवल वाटलं.

"मग ते माझ्याकडून कशाला घेतेस?" परी म्हणाली. "तुझ्या घरी आहेच ते. बाहुलीही राहू दे तुझ्याजवळ. माझी काही हरकत नाही."

वेणूनं ओच्यातल्या बाहुलीवर हात ठेवला. दोन्ही मिळत होतं! कुणी हिरावून घेत नव्हतं, कुणी रागावणार नव्हतं. आईचा आवाज रोज, जन्मभर. तिनं डोळे मिटले आणि तिला टाचा उंचावून उभा असलेला दामू दिसला. आईचा आवाज घरात असेपर्यंत बाबा ऐकत बसणार, तीही ऐकत बसणार, आणि दामूकडे कान द्यायला कुणी उरणार नाही.

तिनं बाहुलीचा मुका घेतला. "आई, मी जाते," म्हणाली आणि तिला ढोलीत ठेवलं. हिरवा-लाल उजेड थरथरला. "वेणूबाय," एवढं ऐकू आलं आणि ढोली रिकामी झाली. वेणू झाडाला टेकून हुंदके देत राहिली. परी तिच्या खांद्यावर येऊन बसली, आणि तिनं कुठलीच समजूत घातली नाही. नुसती बसून राहिली.

"माझा पंख सुटेपर्यंत थांबली होतीस ना," जाताना ती एवढंच म्हणाली, "तशीच थांब."

घरी येऊन वेणूनं चुलीपाशी रचलेले तुकडे चिवडले. बाबांनी ते पाहिलं. काही न विचारता त्यांनी तिच्या हातातून तुकडे घेतले, एकेकाची धार मोडली, कडा गुळगुळीत केल्या, दामूच्या तोंडात जातील असे बारके वेगळे काढून चुलीतच टाकले. मग पांगारवाडीत कधी न घडलेली गोष्ट घडली. एका कातार्‍यानं आपल्या पोराला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "घे. हात लाव."

दामूनं हात मागे बांधले होते. ते सोडवायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं वाटी उचलली आणि डोक्यावर ठेवली. टोपी! ती उलटी करून जमिनीवरून सरकवली. होडी! कड्यातून एका डोळ्यानं वेणूकडे बघितलं आणि खुदकन हसला. गोळा वाटीत टाकला, हलवला, फुंकर मारली. वेणू जवळ बसली. "भात गरम आहे का रे?" तिनं विचारलं आणि ती थांबली. दामूनं मान हलवली. ती त्याच्याकडे बघत राहिली. पोपट मागायच्या आधीची वेणू एव्हाना आणखी दहा प्रश्न विचारून मोकळी झाली असती.

असे दिवस गेले. सकाळी चकती चंद्र असे, दुपारी भाकरी, संध्याकाळी पैसा. फडकं कधी नदी, कधी पांघरूण. दामू तोंडानं फूं करी, टप करी, म्यँव करी, आणि प्रत्येक वेळी मान वर करून बघे, की कुणी ऐकतंय ना. वेणू ऐकत असे. सायंकाळी बाबाही चाक थांबवून ओसरीवर येत आणि होडी कुठं निघाली ते विचारत. आईची आठवण वेणूला तशीच येई, थोडीही कमी नाही. कधी दामू झोपला की ती कोनाड्याच्या रिकाम्या जागेकडे बघत बसे.

मग एक संध्याकाळ झाली. आभाळ केशरी झालं होतं, रानातल्या पांगाऱ्यावर एकच फूल उरलं होतं आणि वेणू विहिरीवर घागर भरत होती. ओसरीवर दामूनं पळसाची पानं मांडली होती, पानापानावर चकतीची भाकरी वाढली होती. सगळं तयार होतं, पण जेवणारं माणूस कुठं होतं? त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवले.

"आक्का!"

वेणूच्या हातातला दोर सुटला. घागर धबकन विहिरीत गेली. ती वळली नाही. वळलं तर खोटं ठरेल असं तिला वाटलं.

"आक्का, ये!" हाक पुन्हा आली, या वेळी जरा रागावून. "जेव!"

त्याच क्षणी रानाच्या कडेला लख्ख उजेड झाला. शेवटचं फूल देठावरून सुटलं, आणि त्यातून लाल, सोनेरी, जांभळ्या ठिणग्यांचं भिरभिरं वर वर चढत गेलं. त्यात मधोमध इवलेसे पंख झिलमिलताना वेणूला स्पष्ट दिसले. मग उजेड केशरी आभाळात मिसळून गेला. वेणूला हात हलवायचा होता, पण ओसरीवरून तिसरी हाक आली आणि ती धावत सुटली.

डोळे पुसत ती पानावर बसली. दामू वाकून वाकून वाढत होता. वेणूनं चकतीचा खोटा खोटा घास घेतला आणि चावून चावून खाल्ला.

"चांगली झाली आहे," ती म्हणाली. "मीठ जरा कमी पडलंय का रे?"

आणि ती थांबली.

दामूनं विचार केला. चकती उचलली, चाटून पाहिली, परत ठेवली.

"नाई," तो ठामपणे म्हणाला.

ओसरीच्या टोकाला बाबा मोठ्यानं हसले. मग ते उठले, रांजणाशी जाऊन हातपाय धुऊन आले, आणि आपलं पान कुठलं, असं त्यांनी दामूला विचारलं.